श्वासाच्या दोन साक्षी

नाक दाबलें कीं तोंड उघडतें, अशी एक म्हण मराठींत आहे. व्यवहारांत कोणाची अडवणूक करून काम साधून घेण्याविषयीं ती वापरली जाते. परंतु तिचा शब्दशः अर्थही शरीरशास्त्राच्या दृष्टीनें अगदीं खरा आहे. मनुष्याचा स्वाभाविक श्वास नाकावाटे चालतो, आणि ती वाट अडली म्हणजे तो नाइलाजानें तोंडाचा आश्रय करितो. रात्रभर असें झालें तर सकाळीं घसा कोरडा पडलेला असतो, डोकें जड असतें, आणि दिवसां कामांत मन लागत नाहीं. अशा मनुष्याला त्याचें नाक चोंदलें आहे हें दुसऱ्यानें सांगावें लागत नाहीं. पण तें किती चोंदलें आहे, कोणत्या बाजूनें चोंदलें आहे, आणि शस्त्रक्रिया करण्याइतकें चोंदलें आहे काय, असे प्रश्न निघाले म्हणजे प्रकरण वाटतें तितकें सोपें राहत नाहीं. रोगी एक सांगतो आणि वैद्याचें यंत्र कित्येकदां दुसरेंच सांगतें. ह्या दोन साक्षींपैकीं खरी कोणती मानावी, हा वाद सव्वाशेंहून अधिक वर्षें चालत आला आहे. आणि त्याच्या निकालावर पुष्कळ रोग्यांचें सुखदुःख अवलंबून राहिलें आहे.

नाक ही नुसती पोकळ नळी नव्हे. मधल्या पडद्यानें त्याचे दोन भाग केलेले असतात. हा पडदा पुढच्या अंगास कूर्चेचा व मागच्या अंगास हाडाचा असून पुष्कळांच्या नाकांत तो थोडाफार एका बाजूस कललेला असतो. 'नाकाचें हाड वाढलें' असें घरोघर बोलतात, तें बहुधा ह्या कललेल्या पडद्यालाच उद्देशून असतें. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पातळ हाडांच्या तीन-तीन वळकट्या असतात, आणि त्यांवर मऊ, ओलसर व रक्तवाहिन्यांनीं भरलेलें आवरण असतें. त्या वाहिन्यांत रक्त सांचलें म्हणजे वळकट्या स्पंजाप्रमाणें फुगून वाट अरुंद होते. रक्त ओसरलें म्हणजे ती पुन्हां रुंदावते. बाहेरची कोरडी, थंड व धुळीची हवा ह्या अरुंद वाटांतून जातांना उबदार होते, ओली होते आणि गाळली जाते. हें काम व्हावयाचें तर हवेला थोडा अडथळा झालाच पाहिजे. स्वस्थ मनुष्य शांतपणें श्वास घेत असतां श्वसनमार्गांत हवेला जो एकंदर रोध होतो, त्यांपैकीं सुमारें निम्मा एकट्या नाकांत होतो. तेव्हां नाकांत अडथळा आहे कीं नाहीं हा प्रश्न नसून तो किती आहे, एवढाच काय तो प्रश्न आहे.

हें 'किती' ठरविण्याच्या सुरवातीच्या प्रयत्नांत डच शास्त्रज्ञ हेंड्रिक झ्वार्डमाकर यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें. गंधज्ञानाच्या अभ्यासासाठीं त्यांनीं १८८८ सालीं एक मापक तयार केला होता, आणि पुढें १८९७ मध्यें ते उत्रेख्त येथील विद्यापीठांत शरीरविज्ञानाचे प्राध्यापक झाले. १८८९ सालीं त्यांनीं नाकाच्या परीक्षेसाठीं जें साधन सुचविलें, तें होतें एक थंड आरसा. तो नाकपुड्यांखालीं आडवा धरला म्हणजे उच्छ्वासांतील वाफ त्यावर गोठून दोन धुरकट डाग उमटतात. ज्या बाजूचा डाग मोठा व जो अधिक वेळ टिकतो ती बाजू मोकळी, आणि ज्या बाजूचा डाग लहान ती अडलेली. १९०१ सालीं ग्लाट्झेल यांनीं आरशाऐवजीं धातूची पट्टी वापरण्याची सुधारणा केली, आणि 'ग्लाट्झेलचा आरसा' ह्या नांवानें ती वैद्यकाच्या ग्रंथांत रूढ झाली. ही परीक्षा इतकी सोपी आहे कीं, भारतांतील कान-नाक-घशाच्या दवाखान्यांत आजही डॉक्टर जीभ दाबण्याची धातूची थंड पट्टी रोग्याच्या नाकाखालीं धरून वाफेचे डाग पाहतात. परंतु हा डाग खोलींतील उष्णता, हवेंतील ओलावा आणि रोगी किती जोरानें श्वास सोडतो, ह्या सर्वांवर अवलंबून असतो. त्यावरून दोन बाजूंची तुलना होते. बिनचूक आंकडा हातीं येत नाहीं.

तो आंकडा मिळविण्याची खटपट ब्रेस्लाउ येथील रिखार्ट कायझर यांनीं केली. आज हें शहर पोलंडमध्यें असून त्याचें नांव व्रोत्स्वाफ आहे. नाकांतून हवा किती सहज जाऊं शकते ह्याच्या अचूक मोजमापावर कायझर यांनीं १८९५ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. 'अचूक' हा शब्द त्यांनीं निबंधाच्या नांवांतच घातला होता, आणि त्यांत त्या काळाची सारी महत्त्वाकांक्षा दिसून येते. थर्मामीटरनें ताप मोजावा, तसें नाकाचेंही माप काढावें, म्हणजे रोग्याच्या सांगण्यावर विसंबून राहण्याचें कारण उरणार नाहीं, अशी ती आकांक्षा होती.

ह्या मोजमापाची निकड निव्वळ जिज्ञासेंतून उत्पन्न झाली नव्हती. कोपनहेगनचे विल्हेल्म मायर यांनीं १८६८ सालीं असें दाखवून दिलें होतें कीं, तोंड उघडें टाकून श्वास घेणाऱ्या व कमी ऐकूं येणाऱ्या कित्येक मुलांच्या नाकामागें, घशाच्या छताशीं, मांसल ग्रंथि वाढलेली असते आणि ती काढली म्हणजे मूल सुधारतें. १८८४ सालीं व्हिएन्नांत कार्ल कोलर यांनीं कोकेननें डोळा बधिर करून दाखविला, व लवकरच तें औषध नाकांतही वापरलें जाऊं लागलें. नाकाच्या शस्त्रक्रियेंतील वेदनांचें भय त्यामुळें ओसरलें. शिकागोचे ओटो फ्रीअर यांनीं १९०२ मध्यें आणि जर्मनींतील फ्रायबुर्गचे गुस्टाव्ह किलियन यांनीं १९०४ मध्यें, पडद्यावरचें आवरण राखून आंतील वांकडी कूर्चा व हाड काढण्याची रीत प्रसिद्ध केली. वळकट्या छाटण्याच्या शस्त्रक्रियाही ह्याच सुमारास प्रचारांत आल्या. हातीं शस्त्र आलें म्हणजे तें कोणावर चालवावें हें ठरविणें भाग पडतें. ज्याचें नाक खरोखर अडलें आहे त्याला उपाय मिळावा आणि ज्याचें अडलेलें नाहीं त्याच्या नाकाला हात लागूं नये, एवढ्यासाठीं एका निःपक्षपाती साक्षीदाराची गरज होती. तो साक्षीदार यंत्राच्या रूपानें मिळेल, असा त्या पिढीचा विश्वास होता.

यंत्रानें प्रथमदर्शनीं हा विश्वास सार्थ केला, असेंच म्हणावें लागतें. कारण माणसाला स्वतःच्या नाकाविषयीं जें कळत नव्हतें तें मोजमापानें उघडकीस आणलें. १८९५ सालींच कायझर यांनीं नोंदविलें कीं, दोन्ही नाकपुड्या सदासर्वदा सारख्या मोकळ्या नसतात. एका बाजूच्या वळकट्या फुगलेल्या असतात तेव्हां दुसऱ्या बाजूच्या ओसरलेल्या असतात, आणि कांहीं काळानें ही स्थिति उलट होते. १९२७ सालीं हीटडर्क्स यांनीं तपासलेल्या माणसांपैकीं सुमारें ८० टक्क्यांत हा फेरा आढळला. पुढील अभ्यासांत हें प्रमाण कमीअधिक आलें, पण फेरा आहे हें निश्चित झालें. एका बाजूचा रोध वाढला तरी त्याच वेळीं दुसरीचा कमी होत असल्यामुळें दोहोंची गोळाबेरीज फारशी बदलत नाहीं, आणि म्हणूनच बहुतेकांना ह्या अदलाबदलीचा पत्ताही लागत नाहीं.

भारतांत मात्र ही गोष्ट फार पूर्वीं ध्यानीं आलेली होती. डावा स्वर म्हणजे चंद्र आणि उजवा स्वर म्हणजे सूर्य, आणि ते आळीपाळीनें चालतात, अशी योगमार्गांतील परंपरा आहे. 'शिवस्वरोदय' ह्या संस्कृत ग्रंथांत तर दर अडीच घटकांनीं, म्हणजे एका तासानें, स्वर पालटतो असें सांगितलें आहे. त्यावर उभारलेलें शुभाशुभाचें शास्त्र बाजूस ठेविलें तरी मूळ निरीक्षण खरें आहे. प्रत्यक्षांत हा फेरा इतका नियमित नसतो. तो माणसामाणसांत वेगळा असतो व पुष्कळदां कित्येक तास चालतो. परंतु येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, साधकानें बारकाईनें लक्ष दिलें म्हणून त्याला स्वर कळला, आणि सामान्य मनुष्यानें लक्ष दिलें नाहीं म्हणून त्याला तो कळला नाहीं. यंत्राला बदल दिसतो आणि माणसाला तो जाणवत नाहीं, ह्याचें हें पहिलें ठळक उदाहरण होय.

विसाव्या शतकांत यंत्रें सुधारत गेलीं. ज्या पद्धतीला ऱ्हायनोमॅनोमेट्री म्हणतात, तिचें तत्त्व समजण्यास कठीण नाहीं. पाटाला उतार किती आहे आणि पाणी किती वाहत आहे, हें पाहून पाट तुंबला आहे कीं नाहीं तें शेतकरी ओळखतो. त्याचप्रमाणें नाकाच्या पुढच्या व मागच्या टोकांशीं हवेच्या दाबांत किती अंतर आहे आणि त्या दाबानें दर सेकंदास किती हवा वाहते, हीं दोन मापें एकाच वेळीं घेतलीं म्हणजे त्यांवरून रोध काढतां येतो. नेहमींच्या पद्धतींत एका नाकपुडीला दाब मोजणारी बारीक नळी हवाबंद चिकटवितात, तोंडावर मुखवटा बसवितात, आणि रोगी तोंड मिटून दुसऱ्या नाकपुडीनें श्वास घेतो. मग बाजू बदलून तीच परीक्षा करतात. निरनिराळ्या देशांतील वैद्य निरनिराळ्या रीतींनीं हा आंकडा काढीत, त्यामुळें एकाचा आंकडा दुसऱ्याशीं जुळत नसे. ही अव्यवस्था दूर करण्यासाठीं नेमलेल्या आंतरराष्ट्रीय समितीनें बेल्जियमचे क्लेमेंट यांच्या अध्यक्षतेखालीं १९८४ सालीं आपला अहवाल दिला. १५० पास्कल, म्हणजे सुमारें दीड सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतक्या दाबाला होणारा रोध प्रमाण धरावा, असें त्यांत ठरलें. पुढें १९८९ सालीं ओले हिलबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं नाकपुडींत ध्वनि सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून नाकाची वाट कोठें किती रुंद आहे, हें मोजण्याची रीत पुढें आणली. खोल विहिरींत हांक मारून तिचा ठाव घ्यावा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें नाकपुडीपासूनच्या प्रत्येक अंतरावर वाटेची रुंदी किती, ह्याचा आलेख मिळतो.

यंत्रांची अशी प्रगति होत असतां रोग्याची साक्षही अधिक व्यवस्थितपणें घेतली जाऊं लागली. ह्यासाठीं जें साधन सर्वांत अधिक वापरलें गेलें, तें म्हणजे कागदावरची दहा सेंटिमीटरांची एक रेघ. एका टोकाला 'नाक पूर्ण मोकळें' आणि दुसऱ्या टोकाला 'नाक पूर्ण बंद' असें लिहिलेलें असतें, व रोग्यानें आपल्या अनुभवाप्रमाणें त्या रेघेवर खूण करावयाची असते. अशा रेघेचा जन्म दवाखान्यांत झाला नाहीं. हेज व पॅटर्सन ह्या दोघांनीं १९२१ सालीं हाताखालच्या कामगारांची योग्यता वरिष्ठांकडून ठरवून घेण्यासाठीं ती सुचविली होती. वैद्यकांत तिचा प्रसार पुढें पुष्कळ वर्षांनीं झाला. २००४ सालीं अमेरिकेंत मायकेल स्ट्यूअर्ट व त्यांचे सहकारी यांनीं खास नाकासाठीं पांच प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. नाक भरल्यासारखें वाटतें काय, तें अडतें काय, नाकानें श्वास घेण्यास त्रास होतो काय, झोप नीट लागते काय, आणि श्रम करतांना नाकानें पुरेशी हवा मिळते काय, असे ते प्रश्न आहेत. प्रत्येकास शून्यापासून चारपर्यंत गुण देऊन बेरजेला पांचानें गुणलें म्हणजे शंभरापैकीं आंकडा मिळतो.

आतां दोन्ही साक्षी आंकड्यांत आल्या. त्या एकमेकींशीं ताडून पाहणें एवढेंच उरलें होतें, आणि तेथेंच सर्वांची निराशा झाली. ज्याच्या नाकांत यंत्राला भरपूर रोध सांपडे, त्याला कधींकधीं कांहीं त्रास नसे. आणि ज्याचें नाक यंत्राच्या मतें मोकळें असे, तो श्वास पुरत नाहीं म्हणून काकुळतीला आलेला असे. एका अभ्यासांत दोहोंचा मेळ बसे, तर दुसऱ्यांत बसत नसे. आन्द्रे व त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं तोंवरच्या निवडक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हां ह्या दोन मापांचा परस्परसंबंध अनिश्चितच आहे, असा निष्कर्ष त्यांना काढावा लागला. दोन्ही नाकपुड्यांचा एकत्र विचार न करतां एकेक बाजू स्वतंत्रपणें तपासली, आणि रोग्याला प्रत्यक्ष त्रास होत असला, तर मेळ बसण्याचा संभव कांहीं अधिक असतो, एवढेंच त्यांना म्हणतां आलें.

ह्या विसंगतीचा सोपा अर्थ पुष्कळ वैद्यांनीं लावला, व तो रोग्याच्या विरुद्ध गेला. यंत्राला राग-लोभ नाहीं, तें खोटें बोलणार नाहीं. तेव्हां रोगीच अतिशयोक्ति करितो, किंवा त्याच्या मनानें तसें घेतलें आहे, असें मानण्याकडे कल झाला. "तुमचें नाक उत्तम आहे" असें सांगून परत पाठविलेल्या मनुष्याची स्थिति मोठी केविलवाणी होते. त्याचें दुःख तर जात नाहींच, आणि तें खरें आहे हें पटविण्याचा मार्गही बंद होतो. परंतु रोग्याची साक्ष खोटी नसून ती दुसऱ्याच एका गोष्टीविषयीं असावी, ही शंका हळूहळू बळावत गेली. आणि ती बळावण्यास घरोघरच्या फडताळांत असणारी एक साधी वस्तु कारण झाली.

पडसें आलें म्हणजे कपाळाला व नाकाला बाम चोळावयाचा, ही रीत मराठी घरांत जुनी आहे. काशीनाथुनि नागेश्वरराव यांनीं १८९३ सालीं मुंबईंतच 'अमृतांजन' काढलें. त्याच्या आगेंमागें पश्चिमेकडेही असे अनेक लेप निघाले. मेंथॉल म्हणजे पुदिन्याच्या जातीच्या वनस्पतींचें सत्त्व, कापूर आणि निलगिरीचें तेल हे अशा लेपांचे नेहमींचे घटक होत. ते हुंगतांच नाक मोकळें झाल्यासारखें वाटतें, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे कीं, त्यांनीं सूज उतरते, हें जवळजवळ गृहीतच धरलें जात असे. १९८३ सालीं वेल्समधील कार्डिफ येथें रॉन एकल्स व त्यांचे सहकारी यांनीं ह्या तिन्ही द्रव्यांची वाफ लोकांना हुंगावयास देऊन नाकांतील रोध मोजला. रोधांत फरक पडला नव्हता. परंतु त्याच लोकांनीं सांगितलें कीं, नाकांत गारवा आला आणि हवा अधिक चांगली जाऊं लागली. १९९० सालीं पडशानें बेजार झालेल्यांना मेंथॉलची वडी देऊन त्यांनीं पुन्हां परीक्षा केली, तेव्हांही तोच प्रकार आढळला : नाक होतें तसेंच चोंदलेलें, पण रोग्याला वाटणारें सुख मात्र निश्चित. नासिकाफेऱ्यांत बदल असून जाणीव नव्हती. येथें जाणीव असून बदल नव्हता.

ह्याचें कारण शोधण्याचा धागा पूर्वींच मिळालेला होता. हेन्सेल व झॉटरमन ह्या शरीरशास्त्रज्ञांनीं १९५१ सालीं दाखविलें होतें कीं, जिभेंतील जे मज्जातंतु थंडीची वर्दी देतात, त्यांनाच मेंथॉल चेतवितें. म्हणजे थंडी नसतां थंडी असल्याची वर्दी तें मेंदूकडे पाठवितें. २००२ सालीं डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पाटापूटियन ह्यांच्या दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनीं, थंडी व मेंथॉल ह्या दोहोंनाही जागा होणारा मज्जातंतूंतील ग्राहक कण ओळखून काढला. ह्या दोघांना २०२१ सालीं उष्णता व स्पर्श ह्यांच्या ग्राहकांवरील संशोधनासाठीं नोबेल पारितोषिक मिळालें. ह्याच्या उलट बाजूचा प्रयोगही झाला होता. १९८७ सालीं जोन्स व त्यांचे सहकारी यांनीं नाकपुडीच्या तोंडाशीं असलेली त्वचा औषधानें बधिर केली, तेव्हां नाकांतील रोध वाढला नसतांही श्वासाची जाणीव कमी झाली. गारवा वाढविला कीं नाक उघडल्यासारखें वाटतें, आणि संवेदना बधिर केली कीं तें मिटल्यासारखें वाटतें, असा हा हिशेब जुळत गेला.

तो पुरा करण्याचें श्रेय फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेंतील काय झाओ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०११ सालच्या प्रयोगास देतां येईल. त्यांनीं ४४ निरोगी माणसांना तीन पेट्यांतील हवा हुंगावयास दिली. एकींत खोलींतील साधी हवा, दुसरींत थंड हवा, आणि तिसरींत खोलीइतक्याच उष्णतेची पण कोरडी हवा होती. थंड हवेनें नाक मोकळें वाटलें ह्यांत नवल नव्हतें. परंतु जी थंड नव्हती, नुसती कोरडी होती, त्या हवेनेंही नाक मोकळें वाटलें. ह्याचा उलगडा माठाच्या दृष्टान्तानें होतो. कोरडी हवा नाकांतील ओलावा उडवून नेते, आणि ओलावा उडतांना, माठांतील पाण्याप्रमाणें, नाकाचें आंतील आवरण गार होतें. म्हणजे मनुष्याला 'मोकळा श्वास' म्हणून जें जाणवतें, तें हवेचें प्रमाण नसून श्वासागणिक त्या आवरणाला मिळणारा गारवा होय. नाकाजवळ हवा मोजण्याचें साधन नाहीं; गारव्यावरून तें हवेचा अंदाज बांधतें. नित्याच्या व्यवहारांत अधिक हवा म्हणजे अधिक गारवा असतो, म्हणून अंदाज बरोबर येतो. मेंथॉल मध्यें पडलें, संवेदना बधिर झाली, किंवा हवा अशा वाटेनें जाऊं लागली कीं तिचा आवरणाला पुरेसा स्पर्शच होत नाहीं, म्हणजे अंदाज चुकतो.

ह्यांतला शेवटचा प्रकार प्रयोगशाळेंतला नव्हे. त्याची किंमत रोग्यांनीं भोगली आहे. १९९४ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें यूजीन कर्न व मोनिका स्टेनक्विस्ट यांनीं कांहीं रोग्यांच्या चित्रांत विलक्षण साम्य पाहिलें. पूर्वींच्या शस्त्रक्रियेंत त्यांच्या नाकांतील वळकट्या मोठ्या प्रमाणांत काढून टाकलेल्या होत्या. नाकाची पोकळी ऐसपैस झाली होती व यंत्राला तींत कोठेंच अडथळा सांपडत नव्हता. तरीही नाकांत हवा जात नाहीं, जीव गुदमरतो, अशी त्यांची तक्रार होती. ह्या स्थितीला त्यांनीं 'रिकामें नाक' असें नांव दिलें. वळकट्या छाटलेल्या प्रत्येकास हा विकार होतो असें नाहीं, आणि त्याची सारीच कारणें उलगडलेलीं नाहींत. परंतु वळकट्यांबरोबर गारवा ओळखणारें आवरणही जातें आणि उरलेल्या पोकळींतून हवा तें न शिवतां निघून जाते, हें त्यांतील एक प्रमुख कारण मानलें जातें. अशा कांहीं रोग्यांच्या नाकांत ओल्या कापसाचा लहानसा बोळा ठेविला, म्हणजे जाणूनबुजून अडथळा केला, तर त्यांना हायसें वाटतें. आणि हीच आतां ह्या विकाराची एक परीक्षा झाली आहे. रोध कमी करणें म्हणजेच श्वास सुधारणें, हें समीकरण किती अपुरें होतें, ह्याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणें कठीण.

ह्यावरून यंत्राची साक्ष निरुपयोगी ठरते, असें मात्र नाहीं. मेंथॉलच्या गारव्यानें सुखावलेल्या मनुष्याच्या नाकांतील वाढलेला मांसाचा गोळा यंत्राला व डोळ्यांना दिसतो, त्याला स्वतःला दिसत नाहीं. पडदा खरोखर किती अडवितो, औषधानें सूज किती उतरली, हें रोग्याच्या सांगण्यावरून पुरतें ठरत नाहीं. शास्त्रानें अखेर जो मार्ग धरला त्यांत दोन्ही साक्षींना जागा आहे, परंतु त्यांचा क्रम बदलला आहे. वांकड्या पडद्याची शस्त्रक्रिया उपयोगी आहे काय, हें ठरविण्यासाठीं नेदरलंड्समध्यें २०३ रोग्यांवर केलेला प्रयोग २०१९ सालीं, आणि ब्रिटनमध्यें ३७८ रोग्यांवर केलेला प्रयोग २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. दोहोंतही शस्त्रक्रिया झालेले रोगी, ती न झालेल्यांपेक्षां अधिक सुधारले. तथापि निकाल कोणत्या कसोटीवर द्यावयाचा, हें जेव्हां आधीं ठरविलें गेलें, तेव्हां दोन्ही ठिकाणीं मुख्य कसोटी म्हणून रोग्यांनीं स्वतः भरून दिलेली प्रश्नावली घेतली गेली. हवेच्या प्रवाहाचें मोजमाप जोडीला राहिलें. कायझर यांच्या काळीं जी साक्ष वगळावयाची होती, ती सव्वाशें वर्षांनंतर पहिल्या क्रमांकावर आली.

मराठी भाषेंत मलेरियाला हिंवताप म्हणतात. रोगी गोधडीखालीं कुडकुडत असतो, तें हिंव. आणि त्याच वेळीं थर्मामीटरचा पारा १०३ वर चढलेला असतो, तो ताप. अडाणी समजल्या जाणाऱ्या लोकांनींही ह्या दोहोंपैकीं एक खरें आणि एक खोटें असा भेद न करितां दोन्ही एका नांवांत बसविलीं. नाकाच्या बाबतींत ह्याच शहाणपणाला पोंचावयास वैद्यकाला एक शतकाहून अधिक काळ लागला. यंत्र हवेला होणारा रोध सांगतें, रोगी श्वासाचा गारवा सांगतो. आणि दोघेही आपापल्या प्रश्नाचें खरें उत्तर देत असतात. चोंदलेल्या नाकाची तक्रार घेऊन कोणी आलें आणि यंत्रानें ती नाकारली, तर रोग्याला खोटें पाडण्यापूर्वीं, त्याला विचारलेला प्रश्न आणि यंत्राला विचारलेला प्रश्न एकच होता काय, हें पाहणें वैद्याचें कर्तव्य ठरतें. शस्त्र उचलण्यापूर्वीं तर तें अधिकच अवश्य आहे. कारण नाकांतून एकदां काढून टाकलेलें पुन्हां जसेंच्या तसें बसवितां येत नाहीं.